काकडी आधी चाखा, मग चिरा



उन्हाळा लागला की आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर काकडीची पाटी येते. मधल्या सुट्टीत मुले उभी चिरलेली, तिखट-मीठ लावलेली काकडी खात वर्गात येतात आणि मग तिच्या नावावरून वाद घालतात. उर्दूच्या पुस्तकात ‘खीरा’ असतो, मराठीच्या पुस्तकात ‘काकडी’. उर्दूत जाडसर असतो तो खीरा आणि लांब, बारीक, वाकडी असते ती ककडी. मराठीत दोन्ही काकड्याच. ज्यांचे अब्बू आखातात नोकरीला आहेत ती मुले सांगतात, ‘‘सर, तिकडे तिला खियार म्हणतात.’’ आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे आम्हाला सगळी नावे मान्य करावी लागतात.

नावे किती का असेनात, काकडी ओळखायला मात्र हल्ली घरोघरी कोणी शिकवत नाही. या महिन्यात काकडीवर लिहायचे आम्ही ठरवले त्याला एक कारण आहे. ते आमच्याच घरातले आहे आणि ते सांगताना आम्हाला संकोच वाटतो. पण कुटुंबाच्या मासिकात घरातल्या चुका सांगायच्या नाहीत तर कुठे सांगायच्या?

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानची गोष्ट. मोठे मामू कोकणातून आमच्याकडे राहायला आले होते. वय सत्तरीच्या पुढे, साखरेचा जुना आजार, त्यामुळे डॉक्टरांनी रोजे ठेवायला मनाई केलेली. याची त्यांना फार खंत होती. कोणीतरी त्यांना सांगितले होते की सकाळी दुधी आणि काकडीचा रस घेतला की साखर उतरते. म्हणून सकाळी शाळेत जाण्याआधी आम्ही तो रस काढून द्यायचो. आमचा रोजा असायचा. त्या दिवशीही मिक्सरमधून रस काढला, पेला भरला आणि मामूंच्या हातात दिला. चाखायचा प्रश्नच मनात आला नाही.

मामूंनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. म्हणाले, ‘‘आज बराच कडू आहे.’’ आम्ही म्हणालो, ‘‘मग राहू द्या मामू, दुसरा काढून देतो.’’ ते म्हणाले, ‘‘कशाला? कडू म्हणजे औषधच. आणि अल्लाहची नेमत फेकून द्यायची का?’’ आणि त्यांनी पूर्ण पेला रिकामा केला.

अर्ध्या तासात त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग उलट्या, मग जुलाब. रिक्षात बसवेपर्यंत ते घामाने भिजले होते. दवाखान्यात रक्तदाब खूप खाली आलेला निघाला. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘रस कडू होता का?’’ आम्ही हो म्हणालो, तेव्हा त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आम्ही विसरलेलो नाही. दोन रात्री सलाइन लागले. अल्हमदुलिल्लाह, मामू बरे झाले. त्या दिवशी दुधी कडू होता की काकडी, हे आजही आम्हाला सांगता येत नाही, कारण आम्ही दोन्हींतले काहीच चाखले नव्हते.

हा कडूपणा येतो कुठून?

काकडी मूळची आपल्याच देशातली. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी जात आजही आढळते आणि ती कडू असते. काकडी, दुधी, दोडका, भोपळा, कलिंगड या एकाच कुळातल्या वेली. किडे आणि जनावरे आपल्याला खाऊ नयेत म्हणून या वेली ‘कुकरबिटासिन’ नावाचा अतिशय कडू पदार्थ तयार करतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड वेलींचे बी राखून ठेवले, म्हणून आज आपल्याला बिनकडू काकडी खायला मिळते. पण वेलीचा जुना स्वभाव पूर्ण गेलेला नसतो. कडक ऊन पडले, पाण्याची पाळी चुकली, वेल ताणाखाली आली की फळात कडूपणा उतरतो. म्हणून ऐन उन्हाळ्यातली काकडी जास्त वेळा कडू निघते. दिसायला ती गोड काकडीसारखीच असते. हाताला, नाकाला काही कळत नाही. कळते ते फक्त जिभेला.

बहुतेक काकड्यांत हा कडूपणा देठाकडच्या टोकाला आणि सालीच्या लगेच खाली असतो. म्हणून आपल्या अम्मी-दादी देठाचे टोक कापून ते काकडीवर गोल गोल चोळायच्या आणि पांढरा फेस काढायच्या. फेसाबरोबर कडूपणा उतरतो असे म्हणतात. आमच्या मते खरे काम चोळण्याने होत नाही, टोक कापून टाकण्याने होते. बोटाच्या एका पेराएवढा तुकडा कापावा. साल काढायची असेल तर देठाच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करून देठाकडे यावे, म्हणजे देठाकडचा कडूपणा सुरीबरोबर सगळीकडे पसरत नाही.

टोक कापल्यावर पुढची पातळ चकती खाऊन पाहावी. गोड लागली तर बिस्मिल्लाह करून पुढे चिरावी. थोडी कडवट लागली तर आणखी एक पेर कापून पुन्हा चाखावी. मधला भागही कडू लागला तर ती काकडी बाजूला ठेवावी. शिजवून, मीठ लावून, दह्यात घालून, लिंबू पिळून हा पदार्थ नष्ट होत नाही, फक्त चव झाकली जाते. एक कडवट चकती खाल्ल्याने कोणाला काही होत नाही, कारण जीभच ती थुंकायला लावते. धोका असतो तो रसात. रस करताना पाच-सहा माणसांचा ऐवज एका पेल्यात येतो आणि औषध म्हणून डोळे मिटून तो प्यायला जातो. दुधीच्या बाबतीत तर असे मृत्यूही झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी याचा अभ्यास करून 2012 साली स्पष्ट सल्ला दिला: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, आणि प्यायल्यावर त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना गाठा. या विषावर उतारा नाही, डॉक्टर फक्त शरीराला सावरून धरतात.

कोणी म्हणेल, कारलेही कडूच असते. पण कडूपणा हा कारल्याचा नेहमीचा स्वभाव आहे. काकडी आणि दुधीचा तो स्वभाव नाही. त्यांच्यात कडूपणा आला म्हणजे काहीतरी बिघडले आहे, असे समजावे.

रोजा असताना चाखायचे कसे?

मामूंच्या आजारानंतर हा प्रश्न आमच्या मनात फार दिवस राहिला. आम्ही चाखले नाही, कारण रोजा होता. मग आम्ही आमच्या मशिदीच्या मौलाना साहेबांना विचारले. त्यांनी सांगितले ते बहुतेक घरांत माहीत असते, पण वेळेवर आठवत नाही: स्वयंपाक करणाऱ्याला खरोखर गरज असेल तर जिभेच्या टोकाने चव पाहून थुंकून टाकता येते. घशाखाली काही गेले नाही तर रोजा जात नाही. विनाकारण चाखणे मात्र मकरूह. आजारी माणसाला देण्याचा रस कडू आहे का हे पाहणे विनाकारण नक्कीच नव्हते. ज्यांना तरीही मन धजत नाही त्यांनी घरातल्या रोजा नसलेल्या मुलाला हाक मारावी. आमच्या घरी आता इफ्तारच्या तयारीत धाकट्याचे हेच काम असते. प्रत्येक काकडीची एक चकती त्याच्या हातावर ठेवायची. त्याला यात फार मोठेपणा वाटतो.

दुसरा प्रश्न नेमत वाया घालवण्याचा. मामूंचा जीव त्या एका विचाराने धोक्यात आला होता. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याला मना आहे. पण जे शरीराला बाधते ते टाकणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी कधी जेवणाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर राहू दिले, हे हदीसमधून आपल्याला माहीत आहे. आमच्याकडे याचा अर्थ कधी कधी असा घेतला जातो की ताटात कडू फोड आली तरी गप्प राहावे, वाढणाऱ्याचे मन दुखवू नये. परिणाम असा की एक जण गप्प बसतो आणि बाकीचे तीच काकडी खातात. नावे ठेवणे वेगळे आणि खबर देणे वेगळे. आमच्या दस्तरखानावर आता एक नियम आहे: कडू लागले तर सांगायचे आणि हात थांबवायचा. सांगणाऱ्यावर कोणी रागावायचे नाही, आणि करणाऱ्यालाही कोणी बोलायचे नाही.

बाजारात निवडताना

काकडी हातात घेऊन दोन्ही टोकांकडे हलके दाबून पाहावे. सगळीकडे घट्ट असली पाहिजे. एखादे टोक मऊ लागले किंवा सुरकुतले असेल तर ती शिळी. आकाराच्या मानाने जड लागली की आत पाणी भरपूर. जाडी दोन्ही टोकांना साधारण सारखी असावी. मध्ये फुगलेली, पिवळी पडू लागलेली काकडी जून असते, तिच्यात बिया मोठ्या आणि कडक होतात. मात्र रंगावरून सरसकट निवाडा करू नये. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या हिमांगी जातीची काकडी कोवळी असतानाही पांढुरकी असते. पॉलिहाऊसमधली बिनबियांची, पातळ सालीची काकडी सहसा कडू निघत नाही, पण महाग पडते.

एकदम दोन किलो आणू नये. चार दिवस पुरतील एवढ्याच आणाव्यात. न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या, कमी गार भागात ठेवाव्यात. फार थंडीत काकडी पाणचट होते. पिकलेल्या केळ्यांजवळ ठेवली तर लवकर पिवळी पडते.

खाण्याआधी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावी, साल काढायची असली तरी. सालीवरची माती आणि फवारणी सुरीबरोबर आत जाते. आणि आपल्या घरांसाठी एक खास सूचना: ज्या पाटावर, ज्या सुरीने कच्चे गोश्त किंवा चिकन कापले त्यावर काकडी चिरू नये. गोश्त शिजते, काकडी कच्चीच खाल्ली जाते. बकरी ईदच्या गडबडीत हे हमखास विसरते आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या घराचे पोट बिघडते. दोन पाट वेगळे ठेवावेत. ते परवडत नसेल तर काकडी आधी चिरून झाकून ठेवावी, गोश्त नंतर कापावे.

बिर्याणीबरोबरचा रायता

रायता पाणचट होतो ही नेहमीची तक्रार. सहा माणसांसाठी दोन मध्यम काकड्या किसाव्यात, अर्धा चमचा मीठ लावून दहा मिनिटे ठेवाव्यात आणि हाताने घट्ट पिळाव्यात. अर्धा किलो घट्ट दही फेटून त्यात हा कीस, भाजलेल्या जिऱ्याची पूड, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि पुदिना घालावा. वरून पुन्हा मीठ घालण्याआधी चाखावे, किसाला लागलेले मीठ बहुधा पुरते. घरात रक्तदाबाचे माणूस असेल तर आधी मीठ लावूच नये. कीस स्वच्छ फडक्यात घालून नुसता पिळावा.

पिळलेले पाणी फेकू नये. आम्ही त्यात थालीपीठ भिजवतो. ज्वारीचे पीठ दोन वाट्या, बेसन अर्धी वाटी, किसलेली काकडी एक वाटी, कांदा, कोथिंबीर, तीळ, तिखट, आणि भिजवायला हेच पाणी. या पाण्यात मीठ असते, हे लक्षात ठेवून पिठात मीठ कमी घालावे. सहरीला हे थालीपीठ दह्याबरोबर चांगले पोटभरीचे होते.

खमंग काकडी

हिच्यासाठी काकडी किसू नये, चोचवावी. सोललेली काकडी डाव्या हातात धरून सुरीने तिच्यावर उभे, जवळजवळ घाव घालायचे आणि मग आडवी चिरायची. बारीक, अनियमित तुकडे पडतात आणि करकरीतपणा राहतो. त्यात दाण्याचे कूट, लिंबू, चिमूटभर साखर घालावी. वर तूप किंवा तेलाची जिरे, हिंग, हिरवी मिरचीची फोडणी. मीठ अगदी वाढताना घालावे, म्हणजे पाणी सुटत नाही.

जून काकडी

मध्ये फुगलेली, पिवळी पडलेली काकडी घरात आलीच तर तिचे मोठे बी काढून फोडी कराव्यात आणि चाखून, कडू नसेल तर, दुधीसारखी शिजवावी. भिजवलेल्या चण्याच्या डाळीबरोबर आले-लसूण, हळद, तिखट घालून सुकी भाजी छान होते. गोश्तच्या सालनात दुधी घालतो तशी, गोश्त शिजत आल्यावर, शेवटच्या दहा मिनिटांत घातली तर रसाला हलका गोडसरपणा येतो.

कोकणात तर जून काकडीचाच मान मोठा. पावसाळ्यात मांडवावर हातभर लांब, पिवळट-तपकिरी तवशी लोंबतात. अम्मी त्यांची तवसोळी करायच्या. तांदळाचा रवा दोन वाट्या तुपावर भाजायचा. चार वाट्या तवशाचा कीस पाण्यासकट घ्यायचा, त्यात दीड वाटी गूळ विरघळवायचा, एक वाटी ओले खोबरे, वेलची, चिमूटभर मीठ. सगळे एकत्र करून तासभर मुरवायचे आणि तूप लावलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात हळदीच्या पानावर ओतायचे. वर झाकण, त्यावर निखारे. आता आम्ही गॅसवर तव्यावर पातेले ठेवून मंद आचेवर पाऊण तास ठेवतो. सुरी घालून ती कोरडी निघाली की झाले. पूर्ण गार झाल्यावरच कापावी.

खजूर आणि काकडी

शेवटी सगळ्यात सोपा पदार्थ. कुरआनमध्ये सूरह बकरामध्ये बनी इस्राईलने मागितलेल्या भाज्यांत काकडीचा उल्लेख आहे. प्रेषित (सल्ल.) ताज्या खजुराबरोबर काकडी खात, हे ह. अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांच्याकडून बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आले आहे. ह. आयेशा (रजि.) यांचे शरीर भरावे म्हणून त्यांच्या मातोश्रींनी त्यांना हेच दोन पदार्थ एकत्र दिल्याचेही हदीसमध्ये येते. तिथली काकडी म्हणजे उर्दूतली लांब ककडी. इफ्तारला खजूर उघडून आतली बी काढावी आणि तिच्या जागी काकडीचा बोटभर तुकडा ठेवावा. गोड आणि गार, दोन्ही एका घासात. मुले आवडीने खातात. साखरेच्या आजाराच्या माणसांनी खजूर किती घ्यायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असते, म्हणून सहरीला ती खाल्ली तर बरेच आहे. पण तिच्या भरवशावर पाणी पिणे कमी करू नये.

मामू यंदाही रमजानला आमच्याकडे येणार आहेत, इन्शाअल्लाह. रस त्यांनी सोडला. डॉक्टरांनी सांगितले की साखरेसाठी गोळी वेळेवर घ्या आणि काकडी चावून खा. पण त्यांनी एक काम स्वतःकडे घेतले आहे. त्यांचा रोजा नसतो याची त्यांना अजूनही खंत आहे. मागच्या वर्षी असरनंतर ते स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, ‘‘आणा तुमच्या काकड्या, मी चाखतो. एवढे तरी तुमच्या इफ्तारसाठी माझ्या हातून होऊ दे.’’ धाकटा आधी रुसला. मग दोघांनी वाटणी करून घेतली: देठाकडची चकती मामूंची, मधली त्याची.

तुमच्या घरीही असे कोणी असेल, वयामुळे किंवा आजारामुळे रोजा ठेवू न शकणारे. त्यांच्या हातात आधी एक चकती ठेवा. त्यांनी बरी आहे म्हटले की मग सुरी चालवा.